एकाच खलातली चांदी

— अजून नाही. अजून काही बधिर-बिधिर झालेलं नाही, तुम्ही ती पक्कड खाली ठेवा आधी. आत्ता तर टोचलंत, लगेच कसं चढेल? तुम्हीच म्हणालात ना, आजोबा, जरा बसा, औषध चढू दे — मग चढू दे की. बाहेर बाकावर पण कोणी नाही, मी बघून आलोय, मीच शेवटचा. आणि तो तोंडावरचा मास्क घ्या बघू खाली. तुम्ही बोलता ते मला काय कळत नाही, नुसता कपडा हलतो. — हां. आता कसं! ‘दहा मिनिटं’ म्हणालात. बरोबर ओळखलं की नाही? कानाने नाही ओळखलं, तोंड बघून ओळखलं. कान गेले माझे गिरणीत. साचेखात्यात होतो मी — साचे म्हणजे कापड विणायचे लोखंडी साचे हो, एका छपराखाली शेकड्यांनी, सगळे एकदम खडखडायचे. शेजारच्याने कानात बोंब मारली तरी ऐकू यायची नाही. मग आम्ही काय करायचो? बोंब मारायचोच नाही. आवाज न काढता नुसतं तोंड हलवायचं, समोरच्याने ओठ वाचायचे. चहा आला, जॉबर — म्हणजे मुकादम — आला, तुझा धागा तुटला, तुझ्या मेव्हण्याला पोलिसाने धरलंय — सगळं ओठांवर, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शाळेत मी चौथीच्या पुढे गेलो नाही, पुस्तक दिलंत तर बोट ठेवून वाचेन, पण तोंड वाचायला द्या. म्हणून मला ही मास्कवाली माणसं आवडत नाहीत. करोनात तर माझ्यासाठी सगळी मुंबई मुकी झालेली.

बरं, लावा, लावा परत. तुमचा कायदा असेल. मी बोलतो, तुम्ही ऐका. तसंही तुम्ही डॉक्टर लोक तोंडात हात घातल्यावर प्रश्न विचारता — काय आजोबा, गणपतीला गावी जाणार का? आता तोंडात आरसा, आकडा, कापूस, ती थुंकी ओढायची नळी — माणूस काय सांगणार, कपाळ? त्यापेक्षा आत्ताच काय ते बोलून घेतो.

त्या दिवशी तुम्ही विचारलंत, ही चांदी कुठे भरली, एवढी जुनी आणि अजून कशी घट्ट. मी म्हटलं, माहीत नाही. माहीत आहे मला, पण तेव्हा आमची किर्ती बरोबर होती. मुलगी माझी, डोंबिवलीला असते, तिनेच मला ओढत आणलं इथे गाल सुजलेला बघून. ती गेले कित्येक दिवस मागे लागलीय, बाबा, ती चांदी काढा, त्यात पारा असतो, विष असतं. मोबाईलवर आलंय म्हणे. मोबाईलवर तर परवा आलेलं की वांगं खाल्लं की गुडघे जातात. मी म्हटलं, बाये, तुझ्या वयाइतकं ते विष गालात धरून बसलोय, मेलो का? आणि साचेखात्यातला कापसाचा भुगा छातीत गेला, तो काढून दे आधी, मग पाऱ्याचं बघू. वाटलेलं तुम्ही तिचीच बाजू घ्याल, शिकलेल्या शिकलेल्या एक. पण तुम्ही म्हणालात, चांदीला काही झालेलं नाही, दातच चिरलाय बाजूने, खाली पू झालाय, ठेवला तर मानेत उतरेल. म्हणजे चांदी टिकली आणि दात गेला. घर पडलं आणि खुंटी तेवढी शाबूत! मला हसू आलं, पण तोंड उघडत नव्हतं. मग गोळ्या दिल्यात, सूज उतरली, आणि आज म्हणता काढायचा. किर्तीने फोन केला सकाळी, तोंड दिसतं तसला, जा हां बाबा, चुकवू नका. चुकवलं नाही ना? आलो ना? मग.

तर चांदी. संपाच्या आधीची गोष्ट. आमच्या गिरणीच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा दातांचा डॉक्टर यायचा. जाडा, घामट, दम्याचा माणूस. मशीन पायाने चालवायचा, शिलाई मशीनसारखं, आणि दमला की मध्येच थांबायचा — सुई तशीच दातात, हा आपला खिडकीतून बाहेर बघत श्वास घेतोय. मी काय घाबरलो नव्हतो. किर्तीची आई बरोबर होती, पण ती आपली डबा घेऊन आलेली, गेटवर भेटली म्हणून आत आली — बरं, घाबरलो होतो. तिला मीच घेऊन गेलो होतो. तुम्ही कोणाला सांगणार? आणि सांगितलंत तरी त्यातलं हसायला उरलंय कोण?

तेव्हा चांदी तयार नव्हती यायची. काचेचा खल असायचा, एवढासा, त्यात भुकटी टाकायची, वर पाऱ्याचा थेंब, आणि घोटत बसायचं. लोण्यासारखी झाली की फडक्यात धरून पिळायची, जादाचा पारा निथळून जायचा. मग ताबडतोब भरायची, नाहीतर तिचा दगड होतो. दाबून भरताना कानात करकर वाजायचं, नव्या कोऱ्या चपलेसारखं. तर माझी दाढ भरून झाली आणि खलात चांदी उरली. जास्त घोटली गेली त्याच्याकडून. डॉक्टर इकडे बघतो, तिकडे बघतो, रांगेत मागे कोणी नाही. आणि ही भिंतीला टेकून, तोंडाला पदर लावून उभी. तो म्हणाला, बाई, तुमची कुठली दाढ किडलीय का? फुकट जाईल नाहीतर हे. हिने मान हलवली, नाही म्हणून. मी म्हटलं, नाही काय नाही, लवंग धरून झोपतेस रोज, दाखव. आता परक्या पुरुषासमोर तोंड उघडायचं म्हणजे — मिशरी लावायची ती, आमच्याकडच्या सगळ्याच बायका लावायच्या, तंबाखू भाजून दातांना घासायची, दात काळे कुळकुळीत. हसताना पण पदर धरायची. पण फुकट जाईल म्हटलं ना त्याने. फुकट गेलेलं तिला सहन व्हायचं नाही, शिळ्या भाताचं शीत टाकायची नाही ती. बसली खुर्चीत. आ केलं. डॉक्टरने जरासं खरवडलं आणि माझी उरलेली चांदी तिच्या दाढेत दाबून टाकली. मी मागून वाकून बघतोय. लग्न होऊन वर्षं झालेली, किर्ती चालायला लागलेली, पण बायकोचं तोंड आतून कसं आहे ते मी तोपर्यंत बघितलं नव्हतं. कोण बघतं? तुम्ही बघता, तुमचा धंदाच तो.

माझी डावीकडची, तिची उजवीकडची. दोघांना सांगितलं, उद्यापर्यंत त्या बाजूने चावायचं नाही. घरी गेलो, तिने पेज केली, समोरासमोर बसून ओरपली — आणि पेजेला चावायचं काय असतं? तरी दोघं आपले मान वाकडी करून जेवतोय. शेजारची इरावती दारात आली, म्हणाली, काय गे, नवऱ्याने मारलान की तू त्याला मारलंस?

त्या दिवसापासून हिने डोक्यात घेतलं. एकाच खलातली चांदी, म्हणजे तुमचं दुखलं की माझं दुखणार. मी म्हटलं, येडी की खुळी तू? चांदी आहे ती, टेलिफोन नाही. पण ऐकेल तर ना. मी कुर्लीची नांगी दाढेने फोडली की ही तिकडून ‘आई गं’. मी म्हणायचो, नाटकं. म्हणायची, तुम्ही फोडा, मला काय, जीव माझा जातोय. उन्हाळ्यात गोळा खाल्ला की ओळखायची. अगो, माझी जीभ लाल दिसते म्हणून ओळखतेस! एकदा मी मुद्दाम, ती खाली नळावर गेलेली, बर्फाचा खडा धरला त्या दाढेत. मस्तकात कळ गेली. धरून ठेवला. ती वर आली, हंडा ठेवला, मला म्हणाली, काय ओ खाल्लात? — माझ्या डोळ्यात पाणी आलेलं, ते बघितलं असणार. दुसरं काय? मी असलं काही मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आताही नाही.

— आं? हे काय टोचताय? — दुखतंय. हो, दुखतंय म्हणतो ना! आजोबा खोटं बोलेल काय? थांबा अजून. म्हाताऱ्या माणसाला औषध चढायला वेळ लागतो, रक्त हळू चालतं.

काय सांगत होतो — हां. ओठांवर बोलायला तिला मीच शिकवलं. मी तिसऱ्या माळ्यावर गॅलरीत उभा, ती खाली मासेवालीकडे, मध्ये अख्खी चाळ कोकलतेय, आणि ती वर बघून नुसते ओठ हलवायची — बांगडे की मांदेली? मी वरून — बांगडे. ती — महाग आहेत. मी — मग विचारतेस कशाला? आणि मग हसायची, तेवढ्यात पदर विसरायची, की आत ती चांदी चमकायची ऊन पडलं तर. लोकांना वाटायचं दोघं बोलत नाहीत एकमेकांशी, भांडलेत. भांडायचो पण तसंच. पोर झोपलेली असली की आवाज न काढता भांडायचं. तुम्ही कधी बघितलंय काय असं भांडण? ती मला अशा अशा शिव्या द्यायची मुक्याने — मी दिवा घालवायचो. अंधारात काय वाचणार! मग गप्प. मग हसायची, ते मात्र ऐकू यायचं.

आता टॉवर झाला चाळीचा. अठराव्या माळ्यावर आहे मी. वरून माणसाचं डोकं दिसतं, तोंड नाही दिसत. शेजारी कोण राहतं ते मला विचारू नका, यशोधन असं काहीतरी लिहिलंय दारावर, माणूस आहे की बिल्डिंगचं नाव आहे तेही ठाऊक नाही. लिफ्टमध्ये भेटतात ते कानात बोंडं घालून एकटेच बोलत असतात. पहिल्यांदा मी दोघा-तिघांना उत्तरं दिली, मग सोडून दिलं.

ती टॉवरात आली नाही. आधीच गेली. फुप्फुसं — तिचीही. गिरणीत गेली नाही कधी, पण माझे कपडे कोणी झटकले इतकी वर्षं? हॉस्पिटलात तोंडावर ती प्लॅस्टिकची वाटी लावलेली, हवा देतात ती. आणि ती बोलत होती. आवाज नव्हता, आवाजाचं काय घेऊन बसलात, आम्हाला आवाज कधी लागला? ओठ हलत होते. पण आतून वाफ धरायची त्या वाटीला, आणि वाफेच्या मागे ओठ — मी असा वाकलो, तसा वाकलो, खिडकीकडून बघितलं, पायाकडून बघितलं. सिस्टरला म्हटलं, एक मिनिट काढा, ती काहीतरी सांगतेय. म्हणाली, बाबा, काढलं तर श्वास राहणार नाही. बरोबर होतं तिचं. मी भांडलो नाही. किर्ती म्हणाली, आई देवाचं नाव घेतेय. देवाचं नाव! देवाचं नाव मला ओळखता येत नाही काय? आणि देवाचं नाव घ्यायचं तर माझ्याकडे कशाला बघायचं?

मग भोईवाड्याला, स्मशानात नेलं. भटजी म्हणाला, तोंडात सोन्याचा मणी घाला. सोन्याचा मणी किर्तीने मंगळसूत्रातला काढून दिला. मी म्हटलं, चांदी आहे आधीच. भटजीला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला.

— चूळ? नको चूळ. ठीक आहे मी. ओठ जरा जड झालाय, पाणी सांडेल शर्टावर.

तर तुम्ही त्या दिवशी विचारलंत, किती दिवस दुखतंय. मी म्हटलं, चार दिवस. किर्ती पण म्हणाली, हो, चारच दिवस, मागच्या रविवारी ठीक होते. तिला काय माहीत? चार दिवस नाही. तेराव्याच्या जेवणात लाडू चावला, आणि गेली कळ, इथून कानापर्यंत. त्या दिवसापासून. — असे डोळे मोठे करू नका, रोज नव्हतं दुखत. कधी यायची, कधी आठवडा आठवडा नाही. नाही आली की मी जीभ लावून बघायचो. थंड पाणी धरून बघायचो त्या बाजूला. दुपारी बिल्डिंगीत कोणी नसतं, सगळे कामावर, टीव्ही चालू असतो माझा, कोण काय बोलतं मला कळत नाही, चालू असतो आपला. आणि कळ आली की मी टीव्ही बंद करायचो.

कशाला? कशाला काय! टीव्हीच्या गडबडीत नीट लागत नाही. कळ पण एकसारखी नसते, डॉक्टरीणबाई, तुम्हाला पुस्तकात शिकवलं नसेल. एक असते टोचून जाणारी, एक असते ठणकत राहणारी, आणि एक असते ती थांबते, परत येते, थांबते, परत येते — कोणीतरी पुन्हा पुन्हा तेच सांगावं तशी. मी आपला खुर्चीत गाल धरून बसायचो. तासतासभर. मी काय बोलायचो नाही. एकदा बोललो असेन. ‘परत सांग’ म्हणालो असेन. भिंतीला बोलतात माणसं, मी दाढेला बोललो, काय बिघडलं? मानत नाही मी असलं, पहिल्यांदाच सांगितलं तुम्हाला. चांदी ती चांदी. आणि तिची चितेत गेली, माझी माझ्या तोंडात, एकीचं दुसरीला काय कळणार? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा. काय कळणार? — नाही, नका सांगू. मास्क असू दे.

पण माणूस सांगत असताना अर्ध्यात राहिलं की कसं वाटतं? समजा तुमची आई तुम्हाला काही सांगत होती आणि दार बंद झालं. तुम्ही दारापाशी उभ्या राहाल की नाही? उघडत नाही हे माहीत असून? का लगेच फिरून जेवायला बसाल? तसं आहे. बाकी काही नाही. गाल सुजला तरी मी लपवलं असतं, मफलर गुंडाळलेला मे महिन्यात, पण किर्ती आली अचानक. ओरडली मला. तिच्या नवऱ्याला फोन लावला, रडली. बाबा, तुम्ही पण असेच जायचं ठरवलंय काय म्हणाली. मी म्हटलं, दातदुखीने कोण जातं? तर तुम्ही म्हणता, जातात. मानेत उतरलं तर जातात. आता पोरीला आणखी एकदा भोईवाड्याला चालवायचं म्हणजे — नाही. ते नाही. तेवढी अक्कल आहे मला.

काय म्हणताय? एवढं हलतंय तोंड तुमचं त्याच्या आत. हाताने दाखवा. — दात? दात काढल्यावर मला देणार? चांदीसकट? धुऊन? — चांगल्या मनाची आहेस गे पोरी. म्हणजे, आहात. पण नको. काय करू घेऊन? किर्ती छानपैकी डबीत घालेल, कापूस लावेल, देव्हाऱ्यात ठेवेल. डबीतला दात दुखतो काय? मग? मला चांदी नको होती. चांदीचं काय, सराफकट्ट्यावर ढिगाने मिळते.

— कशाला टोचता परत? किती वेळा बघणार? — हो. दुखतंय.

दुखतंय म्हणालो.

असं बघू नका माझ्याकडे. डोळे उघडेच आहेत तुमचे मास्कच्या वर, तेवढं वाचता येतं मला.

— नाही दुखत. मघाशी पण नाही दुखलं. तुम्ही पहिल्यांदा टोचलंत ना, तेव्हाच काही लागलं नव्हतं. खोटं बोललो. आता जीभ लावतोय तर जीभ पण नाही लागत. अर्धी जीभच नाही. चांदी आहे का गेली तेही कळत नाही, मोकळं रान झालंय नुसतं त्या बाजूला. इतक्या दिवसांत असं कधी नव्हतं झालं. झोपेत पण नाही. इतकं — इतकं गप्प.

घ्या ती पक्कड. घ्या, घ्या. किर्तीला फोन करून सांगा, झालं म्हणून, ती ऑफिसात जीव मुठीत धरून बसली असेल. खुर्ची मागे घ्या. दिवा डोळ्यावर येतोय — राहू दे, मी मिटतो डोळे. आणि एक सांगतो, काढताना ते तुमचं ‘दुखतंय का, आजोबा, दुखतंय का’ चालू करू नका. अजिबात विचारायचं नाही. नाही म्हणायला लागेल मला.

आ—